देव्हाऱ्यातला रशियन

बायकोची जन्मतारीख विचारली की गडी छताकडे बघतो. लग्न कोणत्या साली झालं म्हटलं तर बायकोकडे बघतो. पण पलटणीतला नंबर विचारा, ऐंशीचा म्हातारा खुर्चीतल्या खुर्चीत ताठ होऊन सगळे आकडे घडाघडा म्हणून दाखवतो. माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या कार्यालयात मी अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली, आधी साताऱ्यात आणि नव्वदच्या दशकात सांगलीत. एवढ्या काळात स्वतःचा नंबर विसरलेला एकच माणूस मला भेटला, आणि तो पलटणीत कधी गेलाच नव्हता असं पुढे निष्पन्न झालं.

मी मूळची वाईची. आमच्या घराण्यात लढाई म्हणजे नळावरची. कोणी पोलिसातसुद्धा गेलेलं नव्हतं. मी या नोकरीत लागले तेव्हा माझ्या वडिलांनी काळजीने विचारलं होतं, की तिथे बंदूक चालवावी लागते का. बंदूक नाही, टाचणी चालवावी लागत असे. माझं काम साधं होतं. सैनिकाच्या घरचं कोणी यायचं, सोबत पेटीच्या तळाशी सापडलेला एखादा कागद नाहीतर पदक आणायचं, आणि "हे काय हाय तेवढं बघा" म्हणायचं. मग मी त्याच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहायची. नाव, नंबर, हुद्दा, भरतीचं साल. तिथल्या रजिस्टरात माणूस सापडला की इकडे कोणाचं अडलेलं काम सुटायचं, आणि कधी नुसतंच कोणाला कळायचं की आजोबा होते तरी कुठे.

कागद मात्र माणसांइतके चिवट नसतात. एका आजींनी नवऱ्याचं डिस्चार्ज बुक जोंधळ्याच्या कणगीत जपून ठेवलं होतं. उंदरांनी नेमकं शौर्याचं पान खाल्लं आणि शिस्तभंगाचं ठेवलं. कऱ्हाडकडचे एक गृहस्थ आजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक शोधत आले. पदक कुठे आहे म्हटल्यावर त्यांच्या मंडळींनी पाय पुढे केले. चांदी शुद्ध होती म्हणून सासूबाईंनी वितळवून जोडवी केली होती. अर्जाच्या "पदकाची सद्यःस्थिती" या रकान्यात मी काय लिहावं, यावर ऑफिसात अर्धा दिवस गेला. शेवटी "कुटुंबाच्या वापरात" असं लिहिलं.

पण मला सांगायचं आहे ते शिदूआबांच्या लाल ताऱ्याबद्दल. ते प्रकरण मी सोडवलं असं लोक म्हणतात. कसं सोडवलं ते मी आजवर पुरतं कोणाला सांगितलेलं नाही.

रशियाचे तुकडे झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पलूसजवळच्या एका गावचे संपतराव माझ्या टेबलापुढे येऊन बसले. ऊसवाले, बोलके, पुढच्या निवडणुकीवर डोळा असलेले. बरोबर त्यांचे वडील, शिदूआबा. पंचाहत्तरीचे, पण मान अजून बैलासारखी भरदार आणि दोन्ही कान चुरगळलेले, म्हणजे तालमीतला माणूस. संपतरावांनी लाल फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवून फडकं सोडलं. आत पंचकोनी तारा होता. चांदीचा, वर लाल मीना, मधोमध बंदूक घेतलेला शिपाई, आणि सगळ्यावर पन्नास वर्षांचं हळदकुंकू.

संपतरावांनी सांगितलेली हकिकत अशी. आबा मोठ्या लढाईत इराणात मिलिटरी ट्रक चालवत होते. आपल्या ड्रायव्हरांनी बर्फातून रशियाला माल पोचवला, त्यावर खूश होऊन रशियाच्या सरकारने आबांना हा तारा दिला. आबा रजेवर घरी आले तेव्हा त्यांच्या आईने तो पेटीत बघितला. मधला बंदूकवाला बघून ती म्हणाली, हा आपल्या घराण्याचा वीर. लढाईत गेलेल्या पूर्वजाचा चांदीचा टाक करून तो देवांत बसवायची चाल आपल्याकडे घरोघर आहे. त्या माउलीने आबांना काही विचारायच्या आत तारा देव्हाऱ्यात बसवला. तेव्हापासून त्याला रोज पाणी, सणाला नैवेद्य, दसऱ्याला सोनं, आणि जत्रेला मटणाचं ताट.

मी आबांना विचारलं, असंच झालं ना? आबा पंख्याकडे बघत "व्हय" म्हणाले. त्यानंतर तासाभरात ते एक अक्षर बोलले नाहीत. खरे शूर बढाया मारत नाहीत, हे माझं नोकरीतलं लाडकं मत होतं. आपल्या काही ड्रायव्हरांना रशियाने अशी पदकं दिली होती, हेही मी ऐकून होते. आबांच्या गप्प बसण्यावर मी एकदम खूश झाले.

आणि इथे मी चुकले. आपल्याकडच्या पदकावर बहुधा कडेला माणसाचं नाव कोरलेलं असतं. रशियाच्या ताऱ्यावर नाव नसतं, पाठीमागे फक्त एक नंबर असतो, आणि तो नंबर कोणाला दिला त्याची नोंद मॉस्कोच्या दप्तरात असते. पदक हातात आलं की आधी उलटं करायचं, हा या कामातला पहिला धडा. नव्या कारकुनाला मी तो पहिल्याच दिवशी शिकवत असे. पण समोर हळदकुंकू लावलेला टाक होता. मी चपला टेबलाखाली काढल्या, हात जोडले आणि समोरूनच त्याचं वर्णन लिहून घेतलं. देव पालथा घालायचा नाही, हे मला आईने शिकवलं होतं, आणि ऑफिसच्या शिकवणीपेक्षा ती शिकवण जुनी होती.

मग माझी पत्रं सुरू झाली. आबांच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे, तिथून दुसरीकडे, दुसरीकडून परत पहिल्याकडे. "सदर सैनिकास परदेशी सन्मान मिळाल्याची नोंद आढळत नाही." मी स्मरणपत्र पाठवायची. पुन्हा "आढळत नाही." आपलं दप्तर गहाळ झालंय आणि एका शूर माणसावर अन्याय होतोय, अशी माझी खात्री पटत चालली. दीड वर्ष मी त्वेषाने भांडले. तिकडे संपतरावांनी धीर सोडून सत्काराची तयारी चालवली. कमान, फेटे, प्रमुख पाहुणे, सगळं ठरत आलं.

त्याच सुमारास एका सकाळी आबा एकटेच एसटीने सांगलीला आले. खुर्चीच्या टोकावर बसले. आमचे शिपाई दत्तोबा, स्वतः पलटणीतून आलेले, त्यांनी पाणी दिलं ते आबांनी घेतलं नाही.

"बाई, त्यो तारा माजा न्हाई," ते म्हणाले. "कुस्तीत जितलाय म्या. आन ती कुस्तीबी खोटी हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. इराणातल्या मशहद गावात आपल्या गाड्यांनी आणलेला माल रशियन ड्रायव्हर ताब्यात घेत. त्यांच्यात निकोलाय नावाचा एक ठेंगणा, जाड मिशांचा गडी होता. त्याचं बोलणं यांना कळत नसे आणि यांचं त्याला, पण दोघांच्या मानेवरून आणि कानांवरून दोघांना एकमेकांचा धंदा पहिल्या दिवशीच कळला. रोज माल उतरवताना एकमेकांना खांद्याने ढकलायचं चालू झालं. शेवटी एका दुपारी बर्फ बाजूला करून जागा केली. आबांनी जत्रेत मिळालेलं चांदीचं कडं पणाला लावलं, त्याने छातीवरच्या ताऱ्याचा मागचा नट फिरवून तारा लावला. दोन्हीकडचे ड्रायव्हर गोल करून उभे राहिले. पंच मात्र कोणी नाही.

कुस्ती कशी झाली ते आबांना नुसतं सांगता येईना. त्यांनी दत्तोबांना उभं केलं, आणि दत्तोबा नको नको म्हणत असताना त्यांना कलाजंग डावावर खांद्यावर उचललं. फायलींच्या कपाटापाशी आबा थांबले म्हणून बरं. दत्तोबांना अलगद खाली ठेवत ते म्हणाले, की असा टाकला. उजवा खांदा टेकला. डावा चार बोटं वर होता, निकोलाय कोपरावर तोलून उठत होता. पण आपल्या पोरांनी आरोळी ठोकली आणि आबांना खांद्यावर घेतलं. कुस्ती चितपट म्हणजे दोन्ही खांदे. एवढं पोरांना दिसलं नाही. आबांना दिसलं होतं, आणि ते बोलले नाहीत.

"एकच टेकला हुता, बाई. त्येनं काय बी वाद न घालता तारा काढून दिला. दुसऱ्या दिशी परत द्यावा म्हटलं, तर त्येंच्या गाड्या गेलेल्या."

पुढे कोणा साहेबाने आबांना सांगितलं, की रशियात असलं पदक घालवणाऱ्याला लष्करी कोर्टापुढे उभं करतात. तेव्हापासून एकच प्रश्न त्यांच्या मनात होता. आपल्या खोट्या कुस्तीपायी त्या गड्याला भिंतीशी उभा करून गोळी तर नाही घातली? घरात रोज त्याच ताऱ्याला आईने, मग बायकोने, मग सुनेने कुंकू लावलं. आई जिवंत असेपर्यंत बोलायची छाती झाली नाही, नंतर सवय झाली. पण आता कमान उभी राहायची होती. जितलेला नसताना फेटा बांधून घ्यायचा नाही, असं ते म्हणाले, आणि गडी जिवंत असेल तर मरायच्या आधी त्याचं त्याला पोचवायचं. उत्तर येईपर्यंत संपतला सांगू नका, ही विनंती.

मला स्वतःचाच राग आला. तारा उलटा केला असता तर पहिल्या आठवड्यात पत्र मॉस्कोला गेलं असतं. पण रागवायला वेळ नव्हता, सत्कार थांबवायचा होता. सरकारी नोकरीने मला दिलेली सगळी वाक्यं मी संपतरावांवर वापरली. फाईल वर गेली आहे. वरून खाली येते आहे. अभिप्रायासाठी बाजूला गेली आहे. फाईल कुठल्या मजल्यावर आहे हे बघायला संपतराव दोनदा येऊन गेले. आमचं ऑफिस एकमजली होतं.

नंबर वाचायला मी सुटीच्या दिवशी आबांच्या गावी गेले. आबांच्या सूनबाई मंगलताई एवढ्याच आम्हाला सामील होत्या. देव्हाऱ्यातली जागा रिकामी ठेवून वीर कसा हलवायचा, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांनी त्या जागी सुपारी ठेवली, वीराला "थोडा वेळ इथं बसा" अशी विनंती केली, आणि तारा माझ्या हातात दिला. मी तो पालथा केला. मागे स्क्रू, आणि त्याच्या खाली गुळगुळीत चांदी. तीन पिढ्यांच्या बायकांनी चिंच आणि राखेने घासून वीराचा नंबर जवळपास पुसून टाकला होता.

इथे मात्र माझ्यातली कारकून नाही, सासुरवाशीण कामाला आली. तव्याची काजळी तेलात कालवून मी ताऱ्याच्या पाठीवर चोळली आणि वरवरची पुसून घेतली. खाचेत जिथे जिथे काळं अडकलं तिथे आकडे उठले. शेवटचा तीन की आठ ते मात्र कळेना. मंगलताई म्हणाल्या, दोन्ही लिहा, त्यात काय.

मिरजेला हाडांचे एक डॉक्टर होते. वैद्यकी रशियात शिकून आलेले, त्यामुळे त्यांना रशियन यायचं. त्यांनी पत्र लिहिलं, दोन्ही नंबर घालून. पत्र तीन महिन्यांनी परत आलं. डॉक्टरांनी पत्त्यात सवयीने जुन्या देशाचं नाव टाकलं होतं आणि तो देश राहिला नव्हता. नव्या देशाच्या नावाने पुन्हा पाठवलं. मग पावसाळा गेला, गळीत हंगाम गेला, दुसरा पावसाळा आला, आणि श्रावणात डॉक्टरांचा फोन आला.

त्यांच्या दवाखान्यात पाय प्लॅस्टरमध्ये घातलेल्या एका पेशंटसमोर त्यांनी मला जाडजूड लिफाफा वाचून दाखवला. तीनवाला नंबर एका नर्सचा होता. आठवाला निकोलाय नावाच्या ड्रायव्हरचा. तिकडेही आपल्यासारखंच मधे बापाचं नाव लावतात, हे मला तेव्हा कळलं. याच्या बापाचं नाव इव्हान. बॉम्ब पडत असताना जखमींची गाडी न सोडल्याबद्दल तारा मिळालेला. पुढे एक नक्कल होती, पेन्सिलीने लिहिलेल्या खुलाशाची. तारा कसा घालवला याचा त्याच्याकडून लेखी जबाब घेतला होता. आणि शेवटी त्याच्या गावच्या भरती कार्यालयाचा कागद, त्यात मुलानातवंडांची नावं आणि पेन्शन बंद झाल्याची तारीख. पेन्शन का बंद होते ते मला कोणी समजावायला नको होतं. मी तारीख बघितली आणि डॉक्टरांना पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा तीच वाचली.

भाद्रपदात मी गावी गेले. आबांनी संपतरावांना शेजारी बसवलं आणि मी वाचायच्या आधी स्वतःच्या तोंडाने मुलाला सगळं सांगितलं. संपतरावांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"म्हंजे आबा, पदक न्हाईच आपल्याला?"

"पदक हाय रं. आपलं न्हाई, एवढंच."

संपतरावांनी कमानीचं काय करायचं ते विचारलं. मंगलताई म्हणाल्या, पोरीच्या लग्नात लावा. मग मी कागद काढला. नर्सचा उल्लेख ऐकून आबा घाईने म्हणाले, की न्हाई बाई, त्येला मिशा हुत्या. दुसरं नाव वाचलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि हात मांड्यांवर घट्ट धरले. मी खुलासा सावकाश वाचला. डॉक्टरांनी मराठीत सांगितला तसाच उतरून घेतला होता.

"तारा मी विकलेला नाही. मित्रफौजेतल्या एका हिंदी ड्रायव्हरशी कुस्ती खेळून हरलो. दोन्ही खांदे टेकले. त्याने तो न्यायाने जिंकला आहे, त्याला त्रास देऊ नये."

खाली त्याच्या साहेबाचा शेरा होता. ताकीद देऊन सोडले. या तुकडीत यापुढे कोणीही मित्रराष्ट्राशी कुस्ती खेळू नये.

संपतराव खो खो हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी मला तेवढं एकच वाक्य पुन्हा वाचायला लावलं, दोन्ही खांद्यांचं. मग फेट्याच्या शेवाने डोळे पुसून म्हणाले, "लबाड बोललाय गडी. माज्यासाठी." आणि थोड्या वेळाने, "पुढं जगला न्हवं?"

मी म्हटलं, जगला. लढाईनंतर घरी गेला, नातवंडं बघितली.

"आन गेला कवा?"

माझ्या हातात कागद होता. मी आयुष्यभर तारखा वाचल्या. एका तारखेने कोणाचं काम होतं, एका तारखेने अडतं, म्हणून तारखेशी खेळायचं नाही, हा माझा दुसरा धडा. निकोलाय गेला होता ती तारीख माझ्या त्या दीड वर्षातली होती. संपतरावांनी तारा माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा तो जिवंत होता. मी ताऱ्याला हात जोडत होते आणि तो उलटा करत नव्हते तेव्हा निकोलाय जिवंत होता. मी चुकीच्या कार्यालयाला तिसरं स्मरणपत्र टाईप करत होते, त्या हिवाळ्यात तो गेला.

"लय वर्षं झाली, आबा," मी म्हटलं.

आबांनी सुस्कारा सोडला. मग काय इलाज नव्हता म्हणाले, आपण तवा धडपडलो असतो तरी गावला नसता. मी व्हय म्हटलं. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला तो अजून माझ्याकडेच आहे. आबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, म्हणून लिहिते. माझ्या हातून मुद्दाम चुकीची गेलेली तारीख ही एकच.

तारा द्यायला माणूस उरला नाही, तेव्हा तो देव्हाऱ्यातच राहील असं ठरलं. त्या दिवसापुरती पुन्हा ठेवलेली सुपारी निघाली, वीर परत जागेवर बसला. आबा म्हणाले की आता त्याचं नाव कळलंय, बापाचंही कळलंय, तर या वर्षी म्हाळात त्याचं पान मांडू. सर्वपित्रीला त्यांनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. ओट्यावर ओळीने पानं मांडली होती, आबांच्या आईवडिलांचं, भावाचं, आणि टोकाला निकोलाय इव्हान यांचं. मंगलताईंनी खीर वाढली. आबा काठी टेकत त्या शेवटच्या पानापाशी गेले, वाकून स्वतःच्या हाताने आणखी एक पळी खीर वाढली आणि हळू आवाजात म्हणाले, "एकच टेकला हुता रं, गड्या. मला ठावं हाय."

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले की बाई, जेवा, संकोच करू नका, हे पान तुमच्यामुळंच लागलंय. मी खाली मान घालून आमटीभात कालवत राहिले.